निनावी कलावंताचे भांडवल

पावसाळा सरत आला होता. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही उपासनेचा पोशाख उतरवीत होतो, तोच दाराशी एक माता उभी असलेली दिसली. तिचे यजमान हुबळीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. त्यांना देवाघरी जाऊन तीन वर्षे झाली. तिने पदराखालून कागदाची एक पुडी काढून आमच्या हाती दिली. पुडीत सोन्याच्या दोन पाटल्या होत्या.

"फादर, ह्या तुमच्या कपाटात ठेवा. घरात राहिल्या तर पोरगा विकायला लावील. आणि मी आईच आहे, आज ना उद्या विकून बसेन."

"कशासाठी विकावयाच्या आहेत?"

"यंत्र घ्यायचंय त्याला. दीड लाखाचं. डीजे व्हायचंय म्हणतो."

वाचकहो, खरे सांगावयाचे तर आम्हास प्रथम हसू आले, आणि त्यामागोमाग रागही आला. डीजे हा शब्द कानी पडताच वरातीपुढे चालणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या त्या उंच भिंती डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, ज्यांना बेळगाव-कोल्हापूरकडे लोक 'डॉल्बी' म्हणतात आणि ज्यांच्या धक्क्याने खिडक्यांची तावदाने थरथरतात. याच मुलाचे वाद्य आम्ही दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या स्वागतसमारंभात सर्वांदेखत बंद करावयास लावले होते. बटणे फिरविणे म्हणजे संगीत नव्हे, असे चार शब्दही सुनावले होते. मुलगा तेव्हा खाली मान घालून निघून गेला होता.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याला बोलावून घेतले. तो आला, पण खुर्चीत बसेना. बऱ्याच वेळाने त्याने एवढेच विचारले, "फादर, आईचे दागिने मलाही नकोत. पण मला कोणी ओळखत नाही. काय केलं म्हणजे अनोळखी माणसाचं ऐकायला लोक येतील, तेवढं सांगा."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून आम्ही त्याच्याकडून काही ऐकून घेतले, काही वाचले, काही जुन्या माणसांस विचारले. त्यातून जे हाती लागले, ते ज्यांच्या घरी असा एखादा मुलगा वा मुलगी आहे, अशा सर्व आईबापांपुढे आज ठेवीत आहोत.

डीजे म्हणजे कोण?

डीजे हे 'डिस्क जॉकी' या शब्दाचे लघुरूप. अमेरिकेतील नभोवाणीवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकास हे नाव पडले. आपल्याकडे १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'चे अमीन सयानी हे त्याच कुळातले. दुसऱ्यांनी गायिलेली गाणी एखादा माणूस अशा क्रमाने व अशा शब्दांत पुढे मांडू शकतो की देशभरातील घरे कामे बाजूला ठेवून ऐकत बसतात, हे आमच्या वडीलमंडळींनी प्रत्यक्ष अनुभवलेले आहे.

आजचा डीजे बहुधा बोलत नाही, तो जोडतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या कुटुंबातील एका अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या बहिणीने भरविलेल्या मेळाव्यात तबकड्या लावल्या. शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून त्या बहिणीने अल्पसे प्रवेशशुल्क ठेवले होते. गाण्यात जेथे गायन थांबून केवळ ताल उरतो, तेथे मंडळी अधिक रंगून नाचतात, हे त्या मुलाने हेरले. आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर आलटून पालटून लावून तो तुकडा लांबविण्याची युक्ती काढली. तोच पुढे कूल हर्क या नावाने जगाला ठाऊक झाला. त्या रात्री तो निनावीच होता, आणि त्याचे पहिले श्रोते म्हणजे शेजारपाजारची मुले होती.

आम्ही त्या मुलाला म्हटले, "तू नेमके काय करतोस ते दाखव." त्याने मित्राचे मागून आणलेले लहानसे यंत्र टेबलावर मांडले. एक गाणे सभागृहात वाजत असताना दुसरे तो एकाच कानाला लावलेल्या हेडफोनमधून ऐकत होता. पहिल्याची गती मिनिटास १२४ ठोक्यांची, दुसऱ्याची १२६ ची. एका पट्टीने दुसऱ्याची गती कमी करून, दोन्हींचे ठोके एकावर एक बसवून, मग तो हळूच एकातून दुसऱ्यात शिरला. या संगीतात बहुधा आठ आवर्तनांचा, म्हणजे बत्तीस ठोक्यांचा एक खंड असतो. बदल त्या खंडाच्या आरंभावरच व्हावा लागतो. दोन्ही गाण्यांचे स्वर एकमेकांशी जुळतात की नाही, हेही पाहावे लागते.

आम्ही चकित झालो. धारवाडच्या हवेत वाढलेल्या माणसाला सम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हा मुलगा समच शोधीत होता. ठोके जुळविण्याचे काम आता यंत्र आपोआप करू शकते, हे त्यानेच प्रांजळपणे सांगितले. मग माणसासाठी उरते काय? समोरच्या मंडळींकडे पाहून पुढे काय लावावे, ते केव्हा लावावे आणि काय मुळीच लावू नये, हा निर्णय. तो यंत्रास करता येत नाही, आणि तो दीड लाखांत विकतही मिळत नाही.

कुंदगोळची वाट

निनावी कलावंत नावारूपाला कसा येतो, हे पाहावयास आम्हा हुबळी-धारवाडकरांना दूर जावे लागत नाही.

गदगच्या एका शिक्षकाचा मुलगा १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून निघाला. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून त्याला गाण्याचे वेड लागले होते. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. गुरूच्या शोधात ते ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर असे फिरले. आणि १९३६ च्या सुमारास हुबळीपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांच्या दारी आले. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. ज्या आवाजाने मुलाला घराबाहेर काढले, त्याच आवाजाच्या परंपरेपाशी तो देशभर फिरून परत आपल्याच मुलखात आला. तेथे त्यांना गाण्याच्या तालमीइतकीच गुरुगृही पाणी भरण्याचीही तालीम मिळाली. १९४१ साली त्यांची पहिली मैफल झाली, १९४२ साली पहिली तबकडी निघाली, आणि १९४३ साली ते नभोवाणीवर गाण्यासाठी मुंबईस गेले. घर सोडल्यापासून पहिल्या मैफलीपर्यंत आठ वर्षे गेली.

त्याच सवाई गंधर्वांकडे श्रीमती गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने ये-जा करून शिकल्या. संसाराची ओढाताण होती. वाटेवर 'गाणेवाली' म्हणून टोमणे मारणारी माणसेही होती. त्यांच्या पहिल्या तबकड्यांवर त्यांचे स्वतःचे नावसुद्धा नव्हते. कंपनीने 'गांधारी' असे नाव छापले होते. पुढे आवाज भारी झाला, तो लपवावयाचा प्रयत्न न करता त्यांनी तोच आपला केला. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००९ साली, ९६ वर्षांच्या वयात, हुबळीतच त्यांचे देहावसान झाले.

आणि धारवाडजवळच्या मन्सूर गावचे पंडित मल्लिकार्जुन मन्सूर! लहानपणी ते नाटक कंपनीत गेले. तेथे त्यांचे गाणे ऐकून मिरजेच्या नीलकंठबुवांनी त्यांना शिष्य केले. नंतर मंजी खाँ व बुर्जी खाँ या बंधूंकडे त्यांनी जयपूर घराण्याची तालीम घेतली. तबकड्या तरुणपणीच निघाल्या होत्या. तथापि देशभरची कीर्ती यावयास फार वर्षे लागली. १९७० साली पद्मश्री मिळाली तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. मधल्या काळात ते धारवाडमध्येच राहिले व गात राहिले.

या तिघांकडे पाहून आम्ही त्या मुलाला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तिघांनीही आपल्या काळचे यंत्र नाकारले नाही. तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, तेवढ्यात रागाचे रूप उभे करावयास ते शिकले. आणि १९५० साली धारवाडला आकाशवाणी आली, तेव्हा हा प्रदेश आपल्याच कलावंतांना घराघरात ऐकू लागला. तेव्हा यंत्राचा तिरस्कार करण्याचा अधिकार आम्हास नाही, हे आम्ही त्याच्यापुढे कबूल केले. दुसरी, तिघांनाही यंत्राच्या आधी गुरू भेटला होता.

अठ्ठावीस वर्षे पडून राहिलेली तबकडी

परंतु गुरू आहे, कष्ट आहेत, यंत्रही आहे, आणि तरी कोणी ऐकले नाही, असे झाले तर? तसेही होते. मुंबईचे चरणजित सिंग यांची कथा या ठिकाणी सांगावीशी वाटते.

हे गृहस्थ हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवीत. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. जपानच्या रोलँड कंपनीने त्या सुमारास एक छोटे यंत्र काढले होते. एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला साथ मिळावी, हा त्याचा हेतू. पण ते बाजारात चालले नाही आणि १९८४ साली बंद पडले. सिंग यांनी ते यंत्र व त्याच कंपनीचे तालयंत्र जोडून त्यांवर आपले राग बसविले, आणि १९८२ साली दहा रागांची एक तबकडी एच.एम.व्ही.कडून काढली. ती कोणाच्या खिजगणतीतही आली नाही. सिंग पुन्हा आपल्या नेहमीच्या वादनाकडे वळले.

पुढे शिकागोतील काही होतकरू मुलांनी तेच टाकाऊ ठरलेले यंत्र स्वस्तात घेऊन १९८७ साली 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार रूढ केला व तो जगभर पसरला. त्यानंतर कित्येक वर्षांनी एका डच संग्राहकाला सिंग यांची जुनी तबकडी सापडली. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणकार थक्क झाले. कारण शिकागोच्या पाच वर्षे आधीच मुंबईत तसा आवाज उमटला होता. सत्तरीच्या सिंग यांना परदेशांतून आमंत्रणे येऊ लागली. २०१५ साली ते निवर्तले.

अठ्ठावीस वर्षे! त्या वर्षांत सिंग यांचे घर चालले ते त्यांच्या इतर वादनावर. कीर्तीची वाट पाहत त्यांनी चूल थंड ठेवली नाही. कीर्ती आली नसती तरी ते भुकेले राहिले नसते, आणि तबकडी मुळीच खोटी ठरली नसती.

याउलट अलीकडचे उदाहरण न्यूक्लिया या नावाने प्रसिद्ध असलेले उदयन सागर यांचे. अहमदाबादेत मित्रांसह १९९० नंतरच्या दशकात आरंभ करून त्यांनी बरीच वर्षे काम केले. सर्वत्र नाव झाले ते २०१३ ते २०१५ च्या दरम्यान. या वेळी त्यांनी परदेशी नमुना बाजूला ठेवून आपल्याच रस्त्यांवरचे ढोल आणि मिरवणुकांचे आवाज आपल्या संगीतात घेतले. २०१५ चा 'बास राणी' हा संग्रह त्यांनी गणेशोत्सवाच्या दिवसांत लोकांपुढे आणला. येथेही आरंभ आणि यश यांच्यामध्ये सुमारे पंधरा वर्षे आहेत.

ज्यांची नावे पडद्यावर आली नाहीत

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतून संगीतशाळा चालत. तेथे मुले सोलफेज, म्हणजे स्वरलेखन वाचणे, आणि व्हायोलिन शिकत, व रविवारच्या उपासनेत वाजवीत. त्या शाळांत तयार झालेली मुले मुंबईस गेली आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा बनली. कागदावर लिहिलेले स्वर वाचून लागलीच वाजविता येणे, हेच त्यांचे भांडवल. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यामुळे त्यांचे नाव देशभर मुलांच्या तोंडी झाले, पण त्या नावाचा एक खरा संगीतकार होता, हे ते म्हणणाऱ्यांना माहीत नव्हते. त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी वादकांची नावे पडद्यावर कधीच झळकली नाहीत. तरी त्यांनी घरे चालविली, मुलांना शिकविले आणि देशाला गाणी दिली. यश या शब्दाचा अर्थ लावताना या माणसांना वगळू नये.

आता आमच्या पंथातील एका बंधूविषयी. पोर्तुगालच्या ब्रागा धर्मप्रांतातील फादर गिल्हेर्मे पेशोतो यांच्या धर्मग्रामावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी गावकऱ्यांनी उन्हाळ्याच्या रात्री गाणी व खानपान यांचा उपक्रम काढला. तेथे फादर तबकड्या लावू लागले. पुढे त्यांनी हे शास्त्र रीतसर शिकून घेतले. महामारीच्या टाळेबंदीत त्यांचे वादन लोकांनी घरबसल्या ऐकले. ६ ऑगस्ट २०२३ रोजी लिस्बन येथील जागतिक युवादिनी, पोप फ्रान्सिस यांच्या मिस्सापूर्वी, उघड्या मैदानात रात्र काढलेल्या सुमारे पंधरा लाख युवकांना पहाटे जागे केले ते याच फादरांच्या संगीताने. तेव्हा आमच्या त्या दोन वर्षांपूर्वीच्या शब्दांची आम्हास लाज वाटावी, हे योग्यच.

कानांची राखण

लाज वाटली म्हणून आमची तक्रार मात्र सर्वस्वी खोटी नव्हती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. इस्पितळे व शाळा यांच्या शांतता क्षेत्रात ती ५० व ४० आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकारने सवलत दिलेले काही सणांचे दिवस तेवढे वेगळे. आणि कायद्याचे भय नसले तरी स्वतःच्या कानांचे असावे. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. ज्याचा उदरनिर्वाह कानांवर, त्याने पंचविशीतच कान गमावले तर पाटल्या परत आणूनही ते मिळावयाचे नाहीत. आम्ही मुलाला सांगितले, पहिली खरेदी कानांत घालावयाच्या बोळ्यांची कर.

पाटल्यांचा करार

अखेरीस आई, मुलगा आणि आम्ही असे तिघे बसलो व एक करार ठरला. पाटल्या एक वर्ष आमच्या कपाटात राहतील. त्या वर्षात मुलाने ध्वनिव्यवस्था भाड्याने देणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसाकडे उमेदवारी करावी. कुंदगोळी पाणी भरावे लागले, तशी येथे पेट्या उचलाव्या लागतील. आठवड्यातून निदान दोन दिवस वादन न करता नुसते ऐकावे: आपले, परके, जुने, नवे. दर महिन्यास स्वतःचे एक तरी संगीत पुरे करावे, मग ते कोणी ऐको वा न ऐको. कोणत्याही कामाचे पैसे व वेळ आधी लिहून घ्यावे. स्वतःची रचना तयार झाली की तिचे हक्क कसे राखावयाचे ते समजून घ्यावे. गीतकार-संगीतकारांची मानधने गोळा करणारी संस्था १९६९ पासून आहे, आणि २०१२ च्या कायद्याने त्यांचा वाटा अधिक पक्का केला आहे. आणि विजेच्या कामाचा जो अभ्यासक्रम त्याने अर्धवट सोडला होता, तो पुरा करावा.

आमच्याकडूनही एक कलम आईने घातले. "फादर, त्याला वाजवायला जागा द्या. तुम्हीच बंद केलं होतं ना?" आम्ही शनिवारी दुपारी सभागृह उघडून देण्याचे कबूल केले.

आज सात महिने झाले. मुलगा पेट्या उचलतो. त्याचा मालक कडक आहे. वायर वेडीवाकडी गुंडाळली की सगळी सोडून पुन्हा गुंडाळावयास लावतो. जुने यंत्र त्याने हप्त्याने घेतले आहे. नव्याच्या चौथा हिस्सा किंमत पडली. शनिवारच्या पहिल्या दुपारी सभागृहात अकरा माणसे आली होती, त्यांत चार लहान मुले व एक आम्ही. धर्मग्रामाच्या सणाच्या संध्याकाळी मात्र चाळीसेक जण होते. त्याने आपल्या भागातले जुने कोकणी व कानडी ताल आपल्या यंत्रात घेतले होते, आणि साडेनऊला आपण होऊन आवाज उतरविला. त्याची आई शेवटच्या रांगेत बसली होती. "मला काही कळलं नाही," ती आम्हास म्हणाली, "पण एकदाही कोणी उठून गेलं नाही, ते मी बघितलं."

तो यशस्वी होईल की नाही, हे आम्हास सांगता येत नाही. तालुक्याबाहेर त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. करारास अजून पाच महिने आहेत, आणि ती पुडी कपाटात बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी आहे. मुदत संपली की ती आईच्या हाती देऊ. पुढचा निर्णय तिचा.

आईबापांस मात्र एक विनंती करावीशी वाटते. दानांचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकला आहे. त्यात धन्याने दोष दिला तो दान जमिनीत पुरून ठेवणाऱ्यास. आपल्या मुलाचे दान आपल्या ओळखीचे नसले, तर ते पुरावयास सांगण्याच्या आधी एक संध्याकाळ त्याच्यासमोर बसून ऐका. आम्ही ती संध्याकाळ दोन वर्षे उशिरा दिली.